समोर २० टक्के डिस्काउंटवालं मेडिकल आलंय, रेग्युलर गिऱ्हाईक टिकवायचं कसं?

सातारी_केमिस्ट

नमस्कार मंडळी, इथे नेहमी नुसता वाचत असतो, आज विचारायचंच म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, सॉरी.

साताऱ्यात आमचं मेडिकल आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो, बाबा संध्याकाळी येऊन गल्ल्यावर बसतात. धंदा म्हणाल तर सगळा महिन्याच्या गोळ्यांवर. बीपी, शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल, तीच माणसं तीच चिठ्ठी घेऊन दर महिन्याला. सर्दी-खोकल्याच्या सीझनवर दुकान चालत नाही, लाईटबिल निघेल फार तर. आता चौकात एका चेनचं दुकान आलंय, एसी, काचेचा दरवाजा आणि बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात 'सर्व औषधांवर २० टक्के सूट'. ॲपवाले तर आधीपासून आहेतच.

आता लोकांना वाटतं मेडिकलवाला पन्नास टक्के कमावतो, हा दहा द्यायला पण का रडतो. तर ज्या औषधांचे भाव सरकारने बांधलेत (२०१३ च्या औषध किंमत आदेशाखालची) त्यात दुकानदाराचं मार्जिन धरलेलं असतं १६ टक्के, ते पण खरेदीवर. म्हणजे जीएसटी बाजूला ठेवला तर १०० ला घेतलेली वस्तू ११६ ला. त्या ११६ वर २० टक्के सूट द्यायची तर २३ रुपये गेले, मला मिळणार होते १६. बाकीच्या ब्रँडेड मालात साधारण वीसच्या आसपास सुटतात, त्यात भाडं, पोराचा पगार, फ्रीज चोवीस तास चालू. चेनवाल्याला परवडतं कारण तो कंपनीकडून थेट उचलतो आणि पावडर, शाम्पू, स्वतःच्या नावाच्या व्हिटॅमिनच्या बाटल्या यात भरून काढतो.

मी पॉइंटचं कार्ड काढलं, १०० रुपयांना १ पॉइंट. कोणी कार्ड आणत नाही, कोणाला आठवण पण नसते.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. जी माणसं गेली त्यातली काही रस्त्यात भेटतात, हसून बोलतात, बाबांची चौकशी करतात. विचारलं तर म्हणतात "छे छे, तुमची काही तक्रार नाही हो". अरे मग गेलात कशाला? तक्रार असती तर समजलं असतं. गिऱ्हाईक खूश असून पण जातं, हे गणित कोणी समजावेल का. आणि १० टक्के तरी सुरू करू का?

---

वाणीदादा_सांगली

डिस्काउंटच्या नादी लागू नका, सरळ सांगतो. आमचं किराणा आहे. आमच्याकडे मोठं स्टोअर आलं तेव्हा पलीकडच्या दुकानदाराने साखर आणि तेल खरेदीभावात काढलं, गर्दी पण झाली. लोक पिशवी घेऊन यायचे, साखर-तेल उचलायचे आणि बाकीची यादी घेऊन मोठ्या स्टोअरला जायचे. म्हणजे तोट्याचा माल ह्याच्याकडून आणि मार्जिनचा माल तिकडून!! भावासाठी आलेला माणूस दुसरीकडे दोन रुपये कमी दिसले की निघाला, त्याचं पण चुकत नाही म्हणा.

स्वस्तात विकायचंच असेल तर ते डीमार्टसारखं करावं लागतं आणि ते आपल्या बापाच्याने होत नाही. २००२ ला पवईत पहिलं दुकान काढलं त्यांनी, बहुतेक जागा स्वतःच्या विकत घेतलेल्या त्यामुळे भाड्याची कटकट नाही, माल देणाऱ्याचे पैसे लवकर सोडतात म्हणून तो पण दर कमी लावतो. ना पॉइंट ना लकी ड्रॉ, रोजचाच भाव कमी. लोक लायनीत अर्धा तास उभे राहतात, पिशवी घरून नेतात आणि तरी परत जातात. तिथं कोणी तुम्हाला "या बसा" म्हणतंय का? नाही. पण तिथं जाऊन फसणार नाही एवढं माणसाला पक्कं माहीत आहे. तुम्ही तसंच काहीतरी एक पक्कं धरा, फक्त ते भाव नको.

---

कृष्णाकाठची

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. मी पुण्यात, आई-बाबा कराडला दोघंच. दोघांच्या मिळून गोळ्या बऱ्याच आहेत. मध्यंतरी मी पुण्यातून ॲपवर ऑर्डर करायचे, वाटलं घरपोच जातंय, सूट पण मिळतेय, आईला चालत जायला नको. एकदा बाबांची बीपीची गोळी २५ च्या जागी ५० ची आली. पाकीट तसंच, नाव तेच, फक्त आकडा वेगळा, आईला कुठलं दिसणार. बाबांना चक्कर आली तेव्हा लक्षात आलं. कस्टमर केअरला फोन केला तर एक दाबा दोन दाबा करत शेवटी कोणीतरी मुलगा म्हणाला मॅडम फोटो अपलोड करा, ४८ तासांत रिफंड येईल. रिफंड आला पण. पूर्ण आला. म्हणजे त्यांच्या हिशेबात माझी तक्रार 'सॉल्व्ह' झाली आणि वर मेसेज की आमच्या सेवेला किती स्टार द्याल!

आता पुन्हा गल्लीतल्या मेडिकलमधून घेतो. ते काका सूट फारशी देत नाहीत. पण चिठ्ठी बदलली की आईला विचारतात "अहो, डॉक्टरांनी डोस वाढवलाय का, की लिहिताना गडबड आहे?" आणि शंका असेल तर स्वतः दवाखान्यात फोन लावतात. स्ट्रिपवर मार्करने 'सकाळ' 'रात्र' लिहून देतात. महिना उलटला आणि आई गेली नाही तर मला व्हॉट्सॲप येतो, ताई या महिन्यात गोळ्या नेल्या नाहीत, गावाला गेलेत का. तुम्हाला काय सांगू, त्या एका मेसेजसाठी मी वीस काय तीस टक्के सोडायला तयार आहे. लांब राहणाऱ्या मुलांना गोळीचा भाव नको असतो हो, तिकडे कोणीतरी बघतंय एवढं हवं असतं.

त्यामुळे सातारकर दादा, तुमच्या पेशंटची मुलं कुठे आहेत ते बघा. पुणे-मुंबई-बंगलोर असणार निम्मी. पैसे तीच भरतात आणि कुठून घ्यायचं हे पण हल्ली तीच ठरवतात, तुमच्या काउंटरवर कधी आली नसली तरी.

---

पेन्शनर_काका

ताई, तुम्ही पगारदार आहात म्हणून तीस टक्के सोडाल. आमच्यासारख्या पेन्शनवाल्याला महिन्याला दोघांच्या औषधाचा खर्च साडेतीन-चार हजार आहे, त्यावर वीस टक्के म्हणजे सातशे-आठशे रुपये, त्यात दूधबिल निघतं. तेव्हा जिव्हाळा वगैरे ठीक आहे पण 'भाव महत्त्वाचा नाही' असं दुकानदाराला सांगू नका, तो खरंच मानून बसेल.

मी स्वतः शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतो. योजना २००८ पासून आहे, आम्हाला उशिरा कळली. काही गोळ्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. जे तिथे नसतं तेवढंच खाजगी मेडिकलमधून.

आणि आता मेडिकलवाल्यांनाही दोन शब्द. चार दिवसांच्या गोळ्या हव्यात तर "स्ट्रिप कापत नाही काका". सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट. बिल मागितलं की तोंड वाकडं. उरलेली न फोडलेली स्ट्रिप परत करायला गेलं की आपण चोरी करून आणल्यासारखं बघतात. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ झाला, पेपरात पहिल्या पानावर होतं. मी एका दुकानात गेलो, "जुना स्टॉक आहे काका, छापील किमतीलाच मिळेल". दुसऱ्या दुकानात न विचारता बिलात कमी करून दिलं, वर छापील किंमत आणि नवीन किंमत दोन्ही दाखवल्या. फरक किती, असेल तीस-चाळीस रुपये. पण त्या दिवसापासून माझी खाजगी खरेदी दुसऱ्याकडेच, आणि सोसायटीच्या कट्ट्यावर मी हे सगळ्यांना सांगितलंय.

अजून एक. हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल बघा, कायम गर्दी. ती काय निष्ठा आहे का? डॉक्टर जो ब्रँड लिहितात तो बाहेर मिळतच नाही, माणूस जाणार कुठे. मालकाला वाटत असेल आपलं दुकान लोकांना फार आवडतं!

---

आकडेमोड

काकांचा शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. अडकलेलं गिऱ्हाईक आणि टिकलेलं गिऱ्हाईक बाहेरून सारखंच दिसतं. आठवतंय का, २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. त्याआधी आपण सगळे वर्षानुवर्षं एकाच कंपनीत होतो ते काय प्रेमाने? नंबर सगळ्या नातेवाईकांकडे दिलेला म्हणून. दार उघडल्यावर कळतं कोण राहतंय.

मी मार्केटिंग शिकवतो, त्यामुळे थोडं पुस्तकी बोलतो, चालवून घ्या. "तक्रार नाही तर गेले का" याचं उत्तर रिचर्ड ऑलिव्हर नावाच्या माणसाने १९८० मध्ये मांडलेल्या एका साध्या कल्पनेत आहे. माणूस खूश होतो की नाही हे त्याला काय मिळालं त्यावर ठरत नाही, तो काय धरून आला होता आणि त्या मानाने काय मिळालं त्यावर ठरतं. तुमच्या दुकानाकडून त्याने धरलेलं काय? चिठ्ठी दिली, गोळी मिळाली. मिळते. म्हणून तक्रार नाही. पण चौकातला एसीवाला पण तेवढंच देतो, मग उरला फरक वीस टक्के, तो त्याने घेतला. यात त्याची तुमच्यावर नाराजी कुठेच नाही, म्हणून तर रस्त्यात हसून बोलतो.

दुसरं, पारासुरामन, झाइटामल आणि बेरी या तिघांनी १९८५ पासून बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्तीवाले अशा सेवांवर बराच अभ्यास केला. चांगली सेवा म्हणजे लोकांच्या लेखी काय, तर त्यांनी पाच गोष्टी काढल्या. चकचकीत दुकान, युनिफॉर्म वगैरे त्यात आहे, पण सगळ्यात वजनदार निघालं ते म्हणजे जे सांगितलं ते सांगितल्यासारखं, दर वेळी, न चुकता करणं. ताईंच्या २५-५० च्या गोष्टीत नेमकं तेच मोडलं आणि रिफंडने ते जोडलं गेलं नाही.

आणि तुमच्या पॉइंट कार्डाबद्दल. कार्ड वाईट नसतं, पण लांबचं बक्षीस कोणाला दिसत नाही. न्यून्स आणि ड्रेझ यांचा २००६ चा एक मजेदार प्रयोग आहे, गाडी धुण्याच्या दुकानात ३०० कार्डं वाटली. निम्म्यांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड, निम्म्यांना १० शिक्क्यांचं पण २ आधीच मारलेले. दोघांनाही धुवायची गाडी ८ वेळाच! कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालीय असं वाटलं की माणूस पुढे जातो. तुमच्या कार्डात १०० ला १, म्हणजे हजाराची गोळी घेतली तरी दहाच पॉइंट, कोण लक्षात ठेवणार.

---

वाणीदादा_सांगली

सर, माहिती भारी, पण बीपीच्या पेशंटला शिक्के मारून काय सांगायचं, अजून दोन महिने आजारी राहा मग साबण फुकट? 😄

---

आकडेमोड

हाहा, मान्य. औषधाला ती योजना चुकीचीच, गाडी धुण्यापुरती ठेवू.

---

नुसतीच_वाचक

एक गोष्ट कोणीच बोललं नाही, कदाचित बहुतेक पुरुष लिहितायत म्हणून असेल.

मी मेडिकल निवडते ते काउंटरवर काय होतं त्यावर. कॉलेजात असताना आमच्या भागातल्या एका दुकानात पोरगा दुकानभर ऐकू जाईल असं ओरडायचा "कसली गोळी? कोणासाठी?", मागे चार माणसं उभी. पॅड मागितले की आधी काळी पिशवी शोधायची, त्यावर वर्तमानपत्र, सगळ्यांना कळतंय आत काय आहे आणि तरी तो सोहळा. गर्भनिरोधक गोळ्या मागितल्या की वर बघून हसणं. मी तेव्हापासून तीन चौक लांबच्या मेडिकलला जाते. तिथे काउंटरला बाई आहेत, चिठ्ठी घेतात, वाचतात, काही विचारायचं असलं तर बाजूला येऊन हळू विचारतात. बस. डिस्काउंट आहे की नाही हे मी अजून बघितलेलं पण नाही. माझी बहीण, जाऊ, ऑफिसातल्या दोघी, सगळ्या तिथेच जातो आणि घरातल्या सगळ्यांची औषधं पण मग तिथूनच येतात, सासऱ्यांच्या हार्टच्या गोळ्यांसकट, ज्याचं बिल सगळ्यात मोठं असतं. म्हणजे पॅडच्या पाकिटावरून दुकान ठरलं आणि मोठं बिल पाठोपाठ गेलं, हे त्या पहिल्या दुकानदाराला आयुष्यात कळणार नाही, तो बसलाय डिस्काउंटचा बोर्ड लावून.

मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांचं तर अजूनच वेगळं. माझ्या मैत्रिणीची आई मुद्दाम गावाबाहेर जाऊन आणते. छोट्या गावात मेडिकलवाल्याला कळलं म्हणजे गावाला कळलं ही भीती. आणि म्हणूनच ताईंनी सांगितलेला तो आठवणीचा व्हॉट्सॲप, तो दादांनी सगळ्यांना सरसकट पाठवायला सुरू केला तर उलटं होईल. कोणाच्या घरी फोन कोणाच्या हातात असतो माहीत नसतं. आधी विचारा, आठवण करून दिली तर चालेल का, कुठल्या नंबरवर, आणि मेसेजमध्ये औषधाचं नाव लिहू नका.

---

कृष्णाकाठची

@नुसतीच_वाचक हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला आवडतो मेसेज, दुसऱ्या कोणाला तो जाच वाटू शकतो.

---

सातारी_केमिस्ट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रात्री बाबांना वाचून दाखवलं, पेन्शनर काकांचं चॉकलेटवालं ऐकून ते हसले आणि मग गप्प झाले, आमच्या गल्ल्यात पण चॉकलेटची बरणी आहे 🙈 बरणी काढली, तसे हल्ली निम्मे लोक यूपीआयच करतात.

सरांचं वाचून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जरा शोधलं, येणं बंद झालेल्यांची शेवटची बिलं काढली. मला वाटलं होतं सगळे बोर्ड लागल्यानंतर गेले असतील. तर तसं नाही. बऱ्याच जणांच्या शेवटच्या काही बिलांत चिठ्ठीतल्या पाचपैकी तीन-चारच गोळ्या आहेत, म्हणजे एखादी गोळी संपलेली होती आणि आम्ही "उद्या या, मागवून ठेवतो" म्हटलेलं. डिस्ट्रीब्युटरची गाडी दुपारी येते, उशीर झाला की दुसऱ्या दिवशी. आता सत्तरीच्या माणसाने एका गोळीसाठी दोनदा का यावं, आणि दुसऱ्यांदा बाहेर पडलाच तर वाटेत चौकातला एसीवाला आहेच, त्याने पाचही दिल्या. बोर्ड बघून आत गेला असेल पण घरातून निघाला तो आमच्या 'उद्या या'मुळे. आणि कोणी कशाला सांगेल तक्रार म्हणून, एक गोळी नव्हती एवढंच ना.

तर आता करतोय ते असं. महिन्याचे जे पेशंट आहेत त्यांच्या तारखा काढून आठवडाभर आधी त्यांचा माल बाजूला बांधून ठेवणार, बॉक्सवर नाव नाही फक्त नंबर. काही कमी पडलं तर ती गोळी संध्याकाळी पोरगा घरी पोचवणार, पैसे न घेता. आठवणीचा मेसेज फक्त जे स्वतः हो म्हणतील त्यांनाच. सरसकट १० टक्के नाही, पण ज्यांची चिठ्ठी मोठी आहे अशा पेन्शनवाल्यांना ब्रँडेड मालात ५ टक्के परवडतात, ते सुरू केले. आणि स्वस्त जेनेरिक हवं असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून आणा असं मीच सांगतो, कारण चिठ्ठीवरचा ब्रँड आम्हाला परस्पर बदलता येत नाही. बाबांना हे पटत नाहीये, म्हणतात स्वतःच्या हाताने बिल कमी करतोस.

परत घेण्याबद्दल काका, न फोडलेली पूर्ण स्ट्रिप बिल असेल तर आम्ही घेतो. पण इन्सुलिन आणि फ्रीजमधलं काही परत घेणार नाही, कितीही जुनं गिऱ्हाईक असो. ते २ ते ८ डिग्रीत राहायला लागतं, तुमच्या घरी दोन दिवस टेबलावर होतं की फ्रीजमध्ये हे मला कळणार नाही आणि तेच मी दुसऱ्याला विकायचं? राग आला तरी चालेल.

---

वाणीदादा_सांगली

बाबांना सांगा ५ टक्के गेले तरी माणूस राहिला. आणि त्या घरी पोचवणाऱ्या पोराला पण नीट सांभाळा, लोक दुकानाला कमी आणि पोराला जास्त ओळखतात. आमचा एक पोरगा सोडून गेला तेव्हा अर्धी गल्ली विचारत होती तो कुठे लागलाय आता.

---

पेन्शनर_काका

इन्सुलिनचं पटलं. उलट जो परत घेतो त्याच्याकडून घेऊ नये असं मी म्हणेन.

तुमचं दुकान पोवई नाक्याच्या बाजूला आहे का? मुलगी साताऱ्यात असते, तिच्याकडे येणंजाणं असतं. थायरॉईडची ती १०० गोळ्यांची बाटली ठेवता का, की स्ट्रिपच?

---

सातारी_केमिस्ट

ठेवतो काका, बाटली पण आणि स्ट्रिप पण. पत्ता इथे टाकला तर ॲडमिन जाहिरात म्हणून धागा उडवतील, मेसेज करतो.